बाइंडिंगच्या आधीचा वाचक

पुढचे वाक्य कुठल्याही एका प्रबंधातून उचललेले नाही. नमुन्यासाठी ते रचले आहे. पण ज्यांनी पाच-दहा प्रबंध चाळले असतील त्यांना ते ओळखीचे वाटेल.

“प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमातून संशोधकाद्वारे देवळा तालुक्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांच्या संदर्भात अध्ययन करण्यात आलेले असून, बहुतांश शेतकऱ्यांना साठवणुकीच्या सुविधांच्या अभावामुळे मोठ्या प्रमाणावर आर्थिक नुकसानीस सामोरे जावे लागत असल्याचे निदर्शनास आलेले आहे.”

वाक्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही, व्याकरणही बिघडलेले नाही. मुद्रितशोधक ते एका झटक्यात पास करील. संपादक मात्र इथेच थांबेल आणि समासात प्रश्न लिहू लागेल. बहुतांश म्हणजे किती? पाहणीत एकूण शेतकरी किती होते, ते कोणत्या गावांतले आणि कसे निवडले? सुविधांचा अभाव म्हणजे कांदाचाळ मुळीच नाही, की चाळ आहे पण जुनी, हवा न खेळणारी? नुकसान कशाचे मोजले: वजनातल्या घटीचे, सडलेल्या आणि कोंब आलेल्या मालाचे, की पडत्या भावात विकावे लागल्याचे?

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे कांदा कोणता? खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की बाजारात न्यावाच लागतो. चाळीत भरून ठेवतात तो उन्हाळी कांदा. एप्रिल-मेमध्ये काढलेला हा माल दिवाळीच्या आसपासपर्यंत भाव पाहून थोडाथोडा विकता येतो. प्रबंधातल्या तक्त्यात वर्षभराच्या भावाची एकच सरासरी काढली असेल, तर साठवणुकीचा तोटा त्या सरासरीतून दिसणारच नाही. लाल आणि उन्हाळी कांद्याची आकडेवारी वेगळी केल्याशिवाय हे प्रकरण उभे राहत नाही.

संशोधकाने वह्या उघडल्या, आकडे वेगळे केले, की तेच वाक्य असे होऊ शकते: “पाहणीतल्या निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांकडे हवेशीर कांदाचाळ नाही. त्यामुळे त्यांना उन्हाळी कांदा काढणीनंतर लगेच, मिळेल त्या भावाने विकावा लागतो. चाळ असलेल्यांना चार-पाच महिने थांबता येते; पण वजनातली घट आणि सड यांचा खर्च त्यांना सोसावा लागतो.” शब्द फारसे वाढलेले नाहीत, पण आता तीन विधाने दिसतात. प्रत्येक विधान तपासता येते, खोडताही येते. ‘निम्म्याहून अधिक’ याच्या जागी नेमका आकडा आणि तक्त्याचा क्रमांक आला की परीक्षकाला हात घालायला ठोस काहीतरी मिळते.

व्यावसायिक संपादनाने अभ्यासपूर्ण लेखनात काय फरक पडतो, हे सांगायला एवढा एक परिच्छेद पुरेसा आहे. भाषा सुधारली हे खरेच. पण ती सुधारता सुधारता विचारातले धुके दिसले, आणि संशोधकाला पुन्हा आपल्या आकड्यांकडे जावे लागले.

देवळ्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. १९९९ मध्ये कळवणमधून वेगळा झालेला हा नाशिक जिल्ह्यातला छोटा तालुका. विंचूर-प्रकाशा रस्त्यावरचे गाव, उमराण्याची कांद्याची बाजारपेठ, आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, घराघरांत मराठीच्या जोडीला अहिराणी. मराठा विद्या प्रसारक समाजाचे कर्मवीर रामरावजी आहेर महाविद्यालय इथे आहे आणि ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहे. अशा गावांतून आज पीएच.डी. करणाऱ्यांत महाविद्यालयांतले प्राध्यापक असतात, कनिष्ठ महाविद्यालयांतले शिक्षक असतात, सेट-नेट झालेली तरुण मुलेमुली असतात. अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले ते पहिलेच. त्यांच्याजवळची सामग्री मोठ्या शहरातल्या अभ्यासकाला सहज मिळणारी नसते. कांद्याच्या लिलावात उभे राहिलेल्या शेतकऱ्याशी ते त्याच्याच बोलीत बोलू शकतात. डाळिंबावर तेल्या रोग आल्यावर बाग तोडणाऱ्याच्या घरचा हिशेब त्यांना आतून ठाऊक असतो. ही सामग्री कागदावर येताना मात्र ‘निदर्शनास आलेले आहे’च्या साच्यात जाते आणि तिचा जिवंतपणा, नेमकेपणा दोन्ही हरवतात.

असे होण्याला कारणे आहेत. सिनॉप्सिसपासून व्हायव्हापर्यंतच्या प्रवासात संपादनासाठी जागाच ठेवलेली नाही. गाइडकडे एकाच वेळी अनेक विद्यार्थी, शिवाय तासिका, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे. ते आशयावर बोलतात. प्रत्येक वाक्य वाचायला त्यांना वेळ नसतो. परीक्षकापुढे प्रबंध जातो तेव्हा बाइंडिंग झालेले असते. मधल्या काळात पूर्ण मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस बहुतेकदा एकच, डीटीपी करणारा. त्याचे काम टंकलेखनाचे आणि मांडणीचे. तो बिचारा जमेल तेवढ्या चुका दुरुस्त करतो, पण तक्ता क्रमांक ४ मधल्या टक्केवारीची बेरीज शंभर होत नाही हे शोधण्याची जबाबदारी त्याची नाही.

संपादन हे एकच काम नसून त्याचे थर आहेत, आणि ते वरून खाली करायचे असतात. पहिला थर रचनेचा. प्रकरणांचा क्रम बरोबर आहे का, पूर्वसंशोधनाचा आढावा नुसती पुस्तकांची यादी झाला आहे का, उद्दिष्टात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निष्कर्षात सापडते का, हे इथे पाहिले जाते. दुसरा थर वाक्यांचा: लांबलचक कर्मणी रचना, एकाच कल्पनेसाठी तीन वेगवेगळे शब्द, कोण काय करतो हे न सांगणारी क्रियापदे. तिसरा थर तपासणीचा. कार्यपद्धतीच्या प्रकरणात १२० उत्तरदाते असतील तर तक्त्यांतही १२०च हवेत. साठ जणांच्या पाहणीत ‘४३.३३ टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘६० पैकी २६’ लिहिणे अधिक प्रामाणिक आणि वाचायलाही सोपे. मजकुरात नाव आलेला प्रत्येक ग्रंथ संदर्भसूचीत हवा, आणि सूचीतला प्रत्येक ग्रंथ मजकुरात कुठेतरी वापरलेला हवा. शेवटचा थर मुद्रितशोधनाचा. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिले तीन थर गाळून थेट शेवटचा करतात, आणि त्यालाच संपादन म्हणतात.

प्रबंध परत येणे, पुन्हा लिहावा लागणे याची अनेकांना लाज वाटते. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचे एक प्रकरण जरूर वाचावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. संस्थेच्या नोंदींनुसार मार्च १९२३ मध्ये तो स्वीकारण्याची शिफारस झाली नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ पुस्तकरूपाने काढला.

या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत अभ्यासकाच्या आणि त्याच्या चिकित्सक वाचकाच्या नात्याचा नमुना पाहायला मिळतो. बाबासाहेबांनी प्रा. एडविन कॅनन यांचे ऋण मान्य केले आहे. कॅनन यांनी काम बारकाईने पाहिले आणि सैद्धांतिक मांडणीची कठोर तपासणी केली, त्यामुळे अनेक चुका टळल्या, असे ते सांगतात. मात्र मांडलेल्या मतांची जबाबदारी कॅनन यांची नाही, हेही ते त्याच ठिकाणी स्पष्ट करतात. दुसरीकडे कॅनन आपल्या प्रस्तावनेत उघडपणे लिहितात की आंबेडकरांचे बरेचसे युक्तिवाद त्यांना पटत नाहीत; तरीही त्यातला ताजेपणा विचाराला चालना देणारा आहे. कॅनन मार्गदर्शक होते, पेशाने संपादक नव्हते. पण चांगल्या संपादकाकडून जे हवे ते इथे आहे. मत न पटताही युक्तिवाद अधिक पक्का व्हावा म्हणून त्यांनी मेहनत घेतली, आणि लेखकाने ती मदत नाव घेऊन सांगितली.

संपादनाने खरोखर फरक पडतो का, हे मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९४ मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १११ हस्तलिखिते तज्ज्ञपरीक्षण आणि संपादन होण्याआधी कशी होती आणि नंतर कशी झाली, याची तुलना ३४ निकषांवर करण्यात आली. त्यांपैकी ३३ निकषांवर सुधारणा दिसली. हा परिणाम परीक्षण आणि संपादन या दोन्हींचा मिळून होता, हे लक्षात ठेवायला हवे. सर्वाधिक सुधारणा कुठे झाली हे अधिक बोलके आहे: अभ्यासाच्या मर्यादा सांगण्यात, निष्कर्ष किती व्यापक लागू होतात हे मांडण्यात आणि निष्कर्षांचा सूर जमिनीवर आणण्यात. आपल्याकडच्या प्रबंधांना याच जागी मदतीची सर्वाधिक गरज असते. एका तालुक्यातल्या ऐंशी शेतकऱ्यांना भेटून ‘महाराष्ट्रातील शेतकरी’ असे विधान करणे ही दृष्टीची चूक आहे. शब्दकोश उघडून ती सापडत नाही.

संदर्भांचे दुखणे तर जगभरचे. एलिझाबेथ वेगर आणि फिलिपा मिडल्टन यांनी वैद्यकीय नियतकालिकांतल्या संपादनावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. संदर्भांच्या अचूकतेची पाहणी करणाऱ्या ६६ अभ्यासांत चुकीच्या संदर्भांचे मध्यक प्रमाण ३८ टक्के निघाले. आणि मूळ ग्रंथात जे म्हटले आहे ते उद्धृत करताना झालेल्या चुकांचे मध्यक प्रमाण २० टक्के. वैद्यकीय नियतकालिकांची ही अवस्था, तर पान क्रमांकही न देता ‘संदर्भ: इंटरनेट’ असे लिहिणाऱ्या प्रबंधांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. मूळ पुस्तक हातात न घेता दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला संदर्भ त्याच चुकीसह पुढच्या दहा प्रबंधांत फिरतो. संपादक जेव्हा “हे पान तुम्ही स्वतः पाहिले का?” असे विचारतो, तेव्हा ती साखळी तुटते.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे ओझे याहून जड. २०२३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे शोधनिबंध भाषेच्या कारणाने नाकारले जाण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट होते, आणि भाषा सुधारून आणा असे सांगितले जाण्याचे प्रमाण सुमारे साडेबारा पट. या पाहणीत भारत नव्हता, नेपाळ आणि बांगलादेश होते. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि एम.एस्सी.नंतर पहिल्यांदा इंग्रजीत वीस पाने लिहायला बसलेल्या मुलीला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

या गरजेवर उभा राहिलेला मोठा व्यवसाय आपल्याच राज्यात आहे. २००२ मध्ये मुंबईत कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी सुरू झाली. ‘एडिटेज’ हे तिच्या संपादनसेवेचे नाव. सुरुवातीचे ग्राहक प्रामुख्याने जपानी संशोधक होते. पुढे ‘एनागो’ ही सेवा देणारी क्रिमसन इंटरॅक्टिव्हही मुंबईतच उभी राहिली. म्हणजे तोक्योतल्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध मुंबईतल्या कंपनीकडून तपासून जगातल्या नियतकालिकांकडे जातो, हे वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. विषय जाणणारा संपादक, ठरलेली मुदत, बदल दिसतील अशी प्रत आणि लेखकाला विचारलेले प्रश्न ही त्या कामाची शिस्त. ही शिस्त मुंबईपासून काही तासांवरच्या देवळ्याला मिळायला हवी, आणि ती मराठीतही मिळायला हवी.

मराठीत तिची परंपरा नाही असे मुळीच नाही. नाशिकचेच उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. घरी बसून, शिक्षक समोर नसताना शिकणाऱ्यांसाठी पुस्तके तयार करायची होती. त्यामुळे मजकुरातली प्रत्येक संदिग्ध जागा विद्यार्थ्याला अडवणार, हे गृहीत धरावेच लागले. या विद्यापीठाच्या पुस्तकांत लेखकाबरोबर आशयाचे संपादन करणाऱ्याचे आणि अनुदेशनतंत्राच्या दृष्टीने संपादन करणाऱ्याचे नाव छापलेले दिसते. विषय बरोबर आहे ना हे एकाने पाहायचे, आणि शिकणाऱ्याला ते पायरीपायरीने कळेल ना हे दुसऱ्याने. ज्ञान असणे आणि ते पोचवणे ही दोन कामे आहेत, हे त्या श्रेयनामावलीनेच मान्य केले आहे.

दुसरे उदाहरण वाईच्या मराठी विश्वकोशाचे, आणि त्याचा धागाही या परिसराशी जोडलेला आहे. देवळ्याहून सटाणा, ताहाराबाद ओलांडून पुढे गेले की धुळे जिल्ह्यातले पिंपळनेर लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे हे जन्मगाव. त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालले. पहिला खंड १९७६ मध्ये आला. पण त्याआधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला. शेकडो लेखक वेगवेगळ्या शास्त्रांवर लिहिणार, तर एका संज्ञेला सर्वत्र एकच शब्द हवा, हे आधी ठरवून घेतले गेले. प्रबंधालाही हाच धडा लागू आहे. ‘उत्तरदाते’, ‘प्रतिसादक’ आणि ‘निवेदक’ हे तिन्ही शब्द एकाच प्रबंधात एकाच माणसांसाठी आले, तर वाचक गोंधळतो. संज्ञांची दोन पानी यादी पहिल्या महिन्यात केली, तर शेवटच्या महिन्यातले आठ दिवस वाचतात.

आणि भाषेच्या बारकाईसाठी आयुष्य देणारी माणसेही इथलीच आहेत. १९२५ मध्ये नाशिकला जन्मलेल्या यास्मिन शेख यांनी मराठीचे अध्यापन केले, ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि ‘मराठी शब्दलेखनकोश’ लिहिले, आणि ‘अंतर्नाद’ मासिकाच्या व्याकरण सल्लागार म्हणून अनेक वर्षे काम पाहिले. एखाद्या मासिकाने व्याकरणासाठी स्वतंत्र सल्लागार नेमावा, ही गोष्ट विद्यापीठांच्या संशोधनपत्रिकांनी उचलण्यासारखी आहे. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ तर प्रत्येक संशोधन केंद्राच्या टेबलावर असावा.

मराठी प्रबंधांना एक तांत्रिक अडचणही छळते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार उडतात, जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या जागा बदलतात. असा मजकूर संगणकाला शोधता येत नाही आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवला तरी कोणाला सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले. म्हणजे प्रबंध आता कपाटात राहत नाही, जगासमोर जातो. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहिणे हा संपादनाचा सर्वांत स्वस्त भाग आहे.

मदत कुठपर्यंत घ्यायची, हाही प्रश्न इथे येतो आणि त्याला बगल देता कामा नये. संपादकाने वाक्य नीट करावे, प्रश्न विचारावेत, विसंगती दाखवावी. त्याने निष्कर्ष काढू नयेत, तक्ते बनवू नयेत, गाळलेले प्रकरण लिहून देऊ नये. शहरांत आणि आता मोबाइलवरही ‘थिसिस करून देतो’ म्हणणारे भेटतात. ते संपादन नाही, फसवणूक आहे. ‘प्लेगचा टक्का’, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी असलेले साम्य, ‘कमी करून देतो’ म्हणणारेही त्याच रांगेतले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादरीकरणाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर आणि ग्रंथसूची यांची गणना या साम्यात होत नाही. म्हणून दुसऱ्याची वाक्ये फिरवून टक्का खाली आणण्याऐवजी उसने तेवढे अवतरणात घालून बाकीचे स्वतःच्या शब्दांत लिहायला संपादक शिकवतो, आणि टक्का आपोआप उतरतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे संकेतही या बाबतीत स्पष्ट आहेत: ज्याने फक्त भाषा किंवा तांत्रिक संपादन केले त्याला सहलेखक करायचे नाही, ऋणनिर्देशात त्याचे नाव घ्यायचे. हाच न्याय यंत्राला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर काही आठवड्यांतच ‘नेचर’ने आणि ‘सायन्स’ने अशा साधनांना लेखक मानणार नाही असे जाहीर केले. इंग्रजी वाक्य नीटनेटके करायला या साधनांचा उपयोग होतो. पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ ती आत्मविश्वासाने देतात, आणि उमराण्याच्या बाजारात बारीक कांद्याला म्हणतात ती ‘गोल्टी’ म्हणजे कोणता माल हे विचारण्याऐवजी त्या शब्दाच्या जागी भलताच शब्द बसवून मोकळी होतात. माणूस संपादक तो शब्द ठेवतो आणि समासात लिहितो, “पहिल्यांदा आला तिथे अर्थ सांगा.” अहिराणीत झालेल्या मुलाखती मराठीत किंवा इंग्रजीत आणताना तर हे पदोपदी लागते. मुलाखतीतले मूळ बोल परिशिष्टात जपावेत, आणि मजकुरात नेमके भाषांतर द्यावे.

संपादनाचा अभाव हीच खूण धरून खोटी नियतकालिकेही ओळखता येतात. पीएच.डी. सादर करण्याआधी शोधनिबंध छापून यायला हवा, ही अट आयोगाच्या २०१६ च्या नियमांत होती. २०२२ च्या नियमांनी ती काढली. त्या काळात पैसे भरले की आठवड्यात छापणारी नियतकालिके उदंड झाली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांकडून आलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी मांडली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. लेख पाठवल्यावर एकही प्रश्न न विचारता, एकही बदल न सुचवता स्वीकृतीचे पत्र आणि पावती आली, तर संशोधकाने आनंदण्याऐवजी सावध व्हावे. वाचून परत पाठवणारे नियतकालिकच त्याचे काम गांभीर्याने घेत असते.

संपादक निवडताना काय पाहावे? आधी दोन-तीन पानांचा नमुना करून घ्यावा. सगळे बदल दिसतील अशी प्रत मागावी, म्हणजे आपले कोणते वाक्य का बदलले हे कळते आणि पुढच्या वेळी ती चूक होत नाही. त्याला आपला विषय निदान जवळचा हवा: प्राणिशास्त्राचा प्रबंध आणि दलित साहित्यावरचा प्रबंध यांच्या लेखनरीती वेगळ्या. दर शब्दावर की पानावर, आणि एकदाच तपासणार की दुरुस्तीनंतर पुन्हा, हे लेखी ठरवावे. गाइडला आधी सांगावे. आणि वेळ ठेवावा. सादर करायच्या तारखेआधी चार दिवस हातात असतील तर फक्त मुद्रितशोधन होते. रचनेवर काम व्हायचे तर दोन-तीन महिने आधी पूर्ण मसुदा हवा.

पैसे नसतील तेव्हा काय? इथे महाविद्यालयांना आणि विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांना बरेच करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने सहाध्यायाचे एक प्रकरण प्रश्नांसह वाचायचे, अशी महिन्याची बैठक घेता येते. मराठी आणि इंग्रजी विभागातल्या एकेका शिक्षकाला संपादनाचे प्रशिक्षण देऊन आठवड्याचे दोन तास त्यासाठी राखता येतात. नाशिकमधले निवृत्त मुद्रितशोधक, वृत्तपत्रांतले उपसंपादक आणि मुक्त विद्यापीठासाठी काम केलेले संपादक यांची सूची करून मानधनावर बोलावता येते. देवळा, कळवण, सटाणा या तीन तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून शेतीविषयक संज्ञांची मराठी-इंग्रजी-अहिराणी सूची केली, तर कांदा, डाळिंब, सिंचन यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती हाताशी राहील. संशोधन अनुदानाच्या अर्जात टंकलेखन आणि बाइंडिंग यांचा खर्च आजही दाखवला जातो. त्याखाली संपादनाची एक ओळ वाढवायला हवी, आणि ती मंजूर व्हावी म्हणून प्राचार्यांनी विद्यापीठाकडे आग्रह धरायला हवा.